अण्णांचा काटा

ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. बॉइलचा नियम मी त्या चौदा वर्षांत किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, मोजलेलं नाही. तापमान कायम असताना वायूला जास्त जागा मिळाली की त्याचा दाब त्याच प्रमाणात उतरतो. वक्र काढायचा, दोन गणितं सोडवून दाखवायची, तिसरं घरी करायला द्यायचं. हा नियम मला येतो अशी माझी समजूत होती. तो येत नव्हता, हे पेठेतल्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात लाकडी स्टुलावर बसून, हातात वीतभर पंप धरून मला कळलं.

दुकान अण्णांचं. त्यांचं ऋण सांगायचं तर आधी माझी मूर्खपणाची गोष्ट सांगावी लागेल, त्याला इलाज नाही.

मुलगा शिकायला बंगळुरूला गेला आणि सकाळी साडेपाचला उठून करण्यासारखं घरात काही उरलं नाही. त्याच सुमारास ओळखीतला आयटीमधला एक तरुण परदेशी निघाला होता. त्याची माउंटन बाइक विकायची होती. पुढे हवेवर चालणारा फोर्क, मागे दांडी सरळ. अशा सायकलीला हार्डटेल म्हणतात हेही मला त्यानेच सांगितलं. मी बेचाळीस वर्षांची, वजन एक्कावन्न किलो, आणि लहानपणी वडिलांच्या काळ्या सायकलवर नळीखालून पाय घालून कैची मारलेली, एवढीच माझी सायकलिंगची पूर्वपीठिका. सायकल घेतली. रविवारी बोपदेव घाट चढून वरच्या कच्च्या वाटांना लागायचं, कधी पानशेतच्या बाजूला शेतरस्त्यांनी हिंडायचं, असं सुरू झालं.

दोन महिन्यांत मनगटं दुखायला लागली. खडकाळ उतारावर हँडल हातात नुसतं थरथरायचं. फोर्क दबतो असं सगळे म्हणायचे, माझा दबलेला मी कधी पाहिला नाही. वय झालं, अशी स्वतःची समजूत घातली आणि क्रेप बँडेज बांधून सायकल चालवत राहिले. आधीच्या मालकाचं वजन पंच्याऐंशीच्या घरात होतं आणि फोर्कमध्ये हवा त्याच्या वजनाची होती, ही इतकी साधी गोष्ट सहा महिने माझ्या डोक्यात आली नाही. कमानीच्या स्प्रिंगची गणितं मी वर्गात घालत होते. हवेचीही स्प्रिंगच असते, वजन बदललं की ती बदलावी लागते, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

शेवटी एका सायकलवाल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, हवा कमी करून घ्या." फोर्कच्या डाव्या पायाच्या माथ्यावर एक टोपी असते. ती फिरवून काढली तर खाली व्हॉल्व्ह दिसला. मोटरसायकलच्या चाकाला असतो अगदी तसाच. आपल्या साध्या सायकलींना वालट्यूबवाला व्हॉल्व्ह असतो, तो वेगळा. हा मात्र ओळखीचा वाटला आणि त्या ओळखीनेच घात केला. मी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "यातली थोडी हवा काढून द्या." त्याने पिन दाबली. फुस्स झालं, आणि फोर्क आत ओढला गेला. अर्धा खाली बसला तो बसलाच. वर ओढला तरी येईना. त्याने कॉम्प्रेसरची नळी लावून पाहिली, फोर्क एकदम दगडासारखा ताठ झाला, मग पुन्हा हवा सोडली, पुन्हा खाली. बिचारा घाबरला. "ताई, हे आपलं काम नाही. अण्णांकडे न्या," म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत. चूक त्याची नव्हती. त्याला भलतं काम मी सांगितलं होतं.

अण्णांचं दुकान म्हणजे एका जुन्या वाड्याच्या दर्शनी बाजूची सात-आठ फूट रुंदीची खोली. वर टांगलेल्या रिमा, कोपऱ्यात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, डब्यांतून छर्रे, कटोरे, जुन्या चेनच्या कड्या. समोर शाळकरी मुलांच्या आणि दूधवाल्यांच्या सायकली. माझी सायकल तिथे उभी केली तेव्हा माझ्या मनात आलं ते आज लिहितानाही लाज वाटते: यांना हे काय कळणार?

त्यांनी सायकलकडे पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"

"तेरा किलो असेल."

"सायकलचं नाही. तुमचं. पाण्याची बाटली, पिशवी, हेल्मेट धरून."

अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं गेज रूममध्ये होते. कारखान्यातले दाबमापक तपासायचे, खोटे ठरले तर बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर वडिलांचं हे दुकान चालवायला बसले. हे सगळं मला पुढे हळूहळू कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की त्यांनी कपाटातून एक बारीक पंप काढला. जेमतेम तर्जनीएवढ्या जाडीची नळी, तिला गोल तबकडी, आणि एक काळी लवचिक रबरी नळी. इंजिनिअरिंगच्या कोणा विद्यार्थ्याने दुरुस्तीच्या पैशांऐवजी ठेवून दिलेला शॉक पंप.

"हा कशाला? पायाने मारायचा पंप आहे की," मी म्हणाले.

"पायपंपाचा दट्ट्या तीस मिलिमीटरचा धरा, याचा दहाचा. दोनशे दाबाला किती जोर लागेल बघा की गणित करून."

मी तिथे केलं नाही. घरी जाऊन केलं. तीस मिलिमीटरच्या दट्ट्यावर २०० पीएसआयला जवळजवळ शंभर किलोचा जोर लागतो. दहाच्या दट्ट्यावर अकरा किलो. व्यास तिप्पट की क्षेत्रफळ नऊपट. शिवाय मोठा पंप एका दाबात इतकी हवा ढकलतो की फोर्कच्या लहानशा पोकळीत पाच-दहाचा फरक साधताच येत नाही. म्हणून फोर्कचा आणि शॉकचा पंप बारीक असतो, खूप वेळा मारावा लागतो. फोर्कला माणसाच्या वजनाप्रमाणे साधारण ५० ते १००, ज्या सायकलींना मागेही शॉक असतो तिथे त्याला १५० ते २५० किंवा त्याहून वर. मागच्या शॉकवर सायकलच्या सांध्यांची तरफ काम करते, म्हणून तिथे इतका दाब.

फोर्क आत का ओढला गेला तेही त्यांनीच सांगितलं. आतल्या दट्ट्याच्या वर हवा असते तशी खालीही थोडी असते, उलटी ढकलणारी. तिच्यामुळे फोर्क सुरुवातीला हलक्या हाताने दबतो. वरची हवा झटकन सोडली की खालची तशीच अडकून राहते आणि फोर्कला खाली खेचते. अण्णांनी थोडी थोडी हवा भरत, मध्येमध्ये फोर्क सावकाश दाबत-सोडत दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या. दर वेळी दाबल्यावर काटा थोडा उतरायचा, ते पुन्हा भरायचे. पंधरा मिनिटांत फोर्क उभा.

मग पंप माझ्या हातात दिला. "आता अठ्ठावन्न करा," म्हणाले आणि चहा घ्यायला समोरच्या टपरीवर गेले.

मी नळीचं पितळी तोंड व्हॉल्व्हवर फिरवून बसवलं. अठ्ठावन्न केलं. तोंड काढताना फुस्स झालं. हवा गेली वाटून पुन्हा लावलं, तर काटा पंचावन्न. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, पुन्हा फुस्स. पुन्हा लावलं, पंचावन्न. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. कपाळावर घाम आला. अण्णा चहा संपवून दारात उभे राहून पाहत होते.

"तुम्ही शिकवता काय, मॅडम?"

"फिजिक्स."

ते हसले नाहीत. मला वाटतं तेवढ्यासाठीच मी त्यांची आजन्म ऋणी राहीन. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पंप लावला तेव्हा नळी रिकामी होती. मग त्या नळीत हवा आली कुठून?"

फोर्कमधूनच. दुसरीकडून कुठून येणार? हवेला आधी फोर्कमध्ये जेवढी जागा होती तिच्यात नळीची आणि तबकडीची भर पडली. जागा वाढली, दाब उतरला. पंचावन्न हा आकडा फोर्कमधल्या हवेचा नव्हता, फोर्क आणि नळी मिळून होता. आणि काढताना जो फुस्स आवाज व्हायचा तो नळीत राहिलेल्या हवेचा. तोंड फिरवून काढताना आधी आतली पिन सुटते आणि व्हॉल्व्ह मिटतो, रबरी वायसर त्यानंतर सुटतो. फोर्कमधलं काही जात नाही. चौदा वर्षं फळ्यावर काढलेला तो वक्र माझ्या गुडघ्यांवर पडला होता आणि मला ओळखू आला नव्हता.

मागच्या शॉकला हा फरक आणखी मोठा दिसतो, कारण तिथे मुळात हवेची पोकळी लहान. समजा आत ६० मिलिलीटर हवा आहे आणि नळी-तबकडीत ५ मावते. २०० वर असलेला शॉक पंप लावताच १८४ च्या आसपास दाखवेल. माणूस म्हणतो शॉक गळतोय. पंप तर खोटं बोलत नाही! मी त्या वर्षी वर्गात हेच गणित घातलं. पंपही नेला होता. मुलांनी पाळीपाळीने मारून पाहिला, मागच्या बाकावरच्यांना फार आवडला. परीक्षेत त्याचा काही परिणाम दिसला नाही.

पुढचे काही महिने मी दर शनिवारी दुकानात जात असे, कधी कामाने, बऱ्याचदा बिनकामाची. "मॅडम"ची "ताई" कधी झाले ते लक्षात नाही. फोर्कच्या पायावर एक रबरी कडं असतं. मी पूर्ण सामानासह सायकलवर बसायचं, अण्णा हँडल धरून सायकल तोलायचे, मी न उडी मारता अलगद उतरायचं आणि कडं किती सरकलं ते पट्टीने मोजायचं. माझ्या फोर्कची पूर्ण चाल १०० मिलिमीटर. कडं १८ ते २० वर यायला हवं. त्यांनी एक शंभरपानी वही घालून दिली. तारीख, सकाळचं तापमान, दाब, कडं. "फोर्कवर चिकटवलेला तक्ता सुरुवातीला बघायचा. मग वही बघायची," हे त्यांचं म्हणणं. त्या तक्त्यावर माझं वजन सगळ्यात वरच्या ओळीत होतं, म्हणजे मोजणाऱ्यांच्या मनात माझ्यासारखी बाई जेमतेम दारापर्यंत आली होती.

मग स्वतःचा पंप घ्यायचं ठरलं. आणि इथे मी दुसऱ्यांदा शहाणपणा केला.

मला एक पंप आवडला होता. चकचकीत, मोठी तबकडी, ३०० पर्यंतचे आकडे. दुसरा पडद्यावर आकडे दाखवणारा. दोन्ही महाग. ३०० वाला जास्त ताकदीचा म्हणून जास्त चांगला, असा माझा विचार. अण्णांनी विचारलं, "ताई, बाजारात दोन किलो भाजी घ्यायची तर पोती तोलायच्या काट्यावर तोलाल का?"

त्यांनी कपाटाच्या दाराची आतली बाजू दाखवली. तिथे एक कागद डकवलेला होता, पिवळा पडलेला. डावीकडे काट्याचा आकडा, उजवीकडे खरा. ५० ला ४५. १०० ला ९४. १५० ला १४४. त्यांनी आपला पंप जुन्या कारखान्यातल्या ओळखीने डेड वेट टेस्टरवर लावून तपासून आणला होता. त्या यंत्रात तेलावर तरंगणाऱ्या दट्ट्यावर मोजून वजनं ठेवतात. दट्ट्याचं क्षेत्रफळ माहीत, वजन माहीत, म्हणजे दाब माहीत. वाद घालायला जागाच नाही. घर्षणाने फसवू नये म्हणून वजनं बोटाने हलकेच फिरत ठेवायची. हे सांगताना अण्णांचं बोट हवेत फिरत असे.

"काट्याची अचूकता पूर्ण मापावर सांगतात," त्यांनी समजावलं. "३०० च्या तबकडीला दोन टक्के म्हणजे सहा. ते सहा ३०० ला पण, आणि तुमच्या ५८ ला पण. ५८ ला सहा म्हणजे दहा टक्के झाले. पंच्याऐंशी किलोच्या माणसाचं त्यात निभावतं, तुमचं नाही." गेज रूमचा त्यांचा साधा दंडक होता: रोजचं काम तबकडीच्या मधल्या तिसऱ्या भागात यावं. मला ५८ हवं, तर तबकडी दीडशेची हवी.

आणि आकडे दाखवणारा पंप? त्यावर त्यांनी उलट मलाच विचारलं, "मुलं कॅल्क्युलेटरवरून दशांशचिन्हापुढे आठ आकडे उतरवतात, त्यांना मार्क देता का?" मी देत नाही. खरं सांगायचं तर चांगला डिजिटल पंप वाईट नसतो, आणि हलक्या माणसाला त्यावर एक-दोनचा फरक वाचता येतो हे मी आता मान्य करते. अण्णांचा आक्षेप वेगळाच होता. तो उघडता येत नाही, त्याचा मापक बदलता येत नाही, आत पाहता येत नाही. ते आतलं एकदा त्यांनी मला दाखवलं होतं. एका टाकाऊ तबकडीची काच काढून. आत चपटी, वाकवलेली पितळी नळी. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. जत्रेत फुंकल्यावर उलगडणारी कागदी पिपाणी मिळते ना, तशी. युजेन बुर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रेल्वेच्या बॉयलरपासून माझ्या पंपापर्यंत तीच नळी.

शेवटी आम्ही घेतला तो अगदी साधा तैवानी पंप होता. अण्णांनी दुकानात तो हातात घेऊन दोन-तीन गोष्टी पाहिल्या आणि बाकी विचारलं नाही. रबरी नळी लांब आणि मऊ आहे का, म्हणजे अडचणीतल्या व्हॉल्व्हपर्यंत न वाकता पोहोचेल. थोडी थोडी हवा सोडायचं बटण बोटाचं ऐकतं का. कारण ५८ च्या जागी ६१ झालं तर तेवढे तीनच सोडता आले पाहिजेत. आणि तबकडी आट्यांवर बसवलेली आहे का. ती होती. घरी आणल्यावर त्यांनी ३०० ची तबकडी उतरवली आणि तेच आटे असलेली दीडशेची, साधी कारखान्यातली, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवली. "आता हा तुमचा. दीडशेच्या वर न्यायचा नाही." पंपावर खडूने १५० लिहूनही दिलं.

खडू पुसला गेला.

आता कबुली. वर्षभराने आमच्या गटातल्या एकाने सहलीच्या सकाळी पंप मागितला. त्याच्या सायकलीला मागेही शॉक होता. मी नको म्हणायला हवं होतं. चार लोकांत माझा पंप मागितला जातोय याचं मला बरं वाटलं आणि मी दिला. त्याला १९० हवे होते. काटा दीडशेच्या खुंटीला जाऊन टेकला तरी तो मारत राहिला. संध्याकाळी पाहिलं तर हवा नसतानाही काटा शून्यावर येईना, आठवर थांबला.

अण्णांना सांगायची छाती झाली नाही. उलट मी स्वतःशी हुशारी केली: शून्याची त्रुटी आहे, आठ वजा करायचे की झालं. प्रयोगशाळेत हेच तर शिकवते. दोन महिने आठ वजा करत राहिले. वहीत आकडे लिहीत होते, पण रबरी कडं काही केल्या पूर्वीच्या जागी येईना. कधी २६, कधी २४. अण्णांनी एका शनिवारी वही चाळली आणि पानावर बोट ठेवून विचारलं, "इथे काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी तबकडी उघडून टेबलावर ठेवली. "ताई, काटा सैल होऊन सरकला असता तर आठ वजा चाललं असतं. इथे नळीच ताणली गेलीय. ताणलेली नळी वर एक चूक करते, खाली वेगळी करते." मग म्हणाले, "चूक असू दे हो. किती आहे ते माहीत पाहिजे. माझा पंप सहाने खोटा आहे, पण मला माहीत आहे." रागावले नाहीत. नवी तबकडी बसवली, तिचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

प्रयोगवह्या तपासताना मुलांनी शून्याची त्रुटी वजा केली की मी डोळे झाकून बरोबरची खूण करत असे. त्या दिवसापासून विचारू लागले, ही त्रुटी सगळीकडे सारखी आहे हे तू कशावरून म्हणतोस?

एका हिवाळ्यात त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक आकडे दिसेनासे झाले. मला बोलावून घेत. कोणाचा फोर्क, कोणाचा शॉक आलेला असायचा. एव्हाना टेकड्यांवर जाणारी बरीच मुलं त्यांच्याकडे येऊ लागली होती. ते पंप मारत आणि मी काटा वाचत असे. एकदा मी "अठ्ठावन्न" म्हणाले. त्यांनी हँडलवर दोन्ही हात टेकून एकदा फोर्क दाबला आणि म्हणाले, "साठ-एकसष्ट असेल. समोरून बघा." मी बाजूने, वाकून पाहत होते. समोरून पाहिलं तर एकसष्ट. याला काय म्हणतात ते मी नावानिशी शिकवते आणि त्यासाठी मुलांचा अर्धा मार्क कापते.

त्याच हिवाळ्यात वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. जानेवारीत पहाटे दहा अंशांना फोर्क मऊ वाटायचा, पंप लावला की नळीचा हिशेब धरूनही ५३. दुपारी तीस अंशांना बरोबर. हवा गेलेली नसायची, थंडीने दाब उतरलेला असायचा. गणित केलं तर तेवढेच, साडेचार-पाच. ही एक गोष्ट मी अण्णांना सांगितली, त्यांनी मला नाही. त्यांनी वही मागून घेतली, दोन पानं डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि "भरायची वेळ लिहीत जा" म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी असं मी म्हटलं तर कॉलेजातल्या लोकांना आवडणार नाही.

हवेचे फोर्क माउंटन बाइकवर रुजले ते अमेरिकेत. १९८९ मध्ये पॉल टर्नर याने रॉकशॉक्स ही कंपनी काढली, आणि पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा असे फोर्क तिथे धावले. हे मी वाचून अण्णांना सांगितलं. त्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. टर्नर आधी मोटरसायकलींचा मेकॅनिक होता हे ऐकल्यावर मात्र मान हलवली. "असणारच," म्हणाले.

वाडा पुनर्बांधणीला गेला तेव्हा दुकान बंद झालं. अण्णा आता कराडला मुलीकडे असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसतं चांगलं. दुकान आवरायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. छर्रे, कटोरे, पान्हे त्यांनी त्या पंक्चरवाल्याला दिले, ज्याने मला त्यांच्याकडे धाडलं होतं. कपाट भंगारात गेलं. त्याआधी दाराच्या आतला तो पिवळा कागद त्यांनी ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोडवला आणि त्यात गुंडाळून आपला पंप मला दिला. मी म्हणाले, माझ्याकडे माझा आहे. "असू दे. दीडशेच्या वरच्यांना लागेल," म्हणाले. खडूने लिहिलेलं त्यांच्या लक्षात होतं.

तेव्हापासून मागच्या शॉकसाठी पंप मागायला कोणी आलं की मी अण्णांचा देते, कागदासकट. कागदाला आता प्लास्टिक घातलंय. मे महिन्यात एका मुलाने सुचवलं की या पंपाची तबकडीही बदलून टाकू, नव्या मिळतात. बदललेली नाही. तो पंप अजून १०० ला ९४ आहे.